नाणेघाट ते लालबाग : ओझं वाहणाऱ्यांची वाट

विषय जाहीर झालाय तो नाणेघाटाचा, पण सुरुवात एका शब्दापासून करतो. या सभागृहातल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी ऐकला असेल, काहींनी झेललाही असेल. शब्द आहे ‘घाटी’.

मूळ अर्थ अगदी साधा. घाटावरून आलेला, तो घाटी. कोकणातल्या माणसाला सह्याद्रीच्या भिंतीपलीकडचा माणूस घाटी आणि घाटावरच्याच्या लेखी खालचा तो कोकण्या. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना ठेवलेली नावं, एवढंच ते होतं. मुंबईत मात्र हा शब्द मराठी न बोलणाऱ्यांच्या तोंडी गेला आणि हमाल, गडी, गिरणी कामगार, भांडीवाली बाई या सगळ्यांना सरसकट लागू झाला. त्यात गंमत अशी की लालबागच्या चाळीत राहणारा राजापूर-लांज्याकडचा माणूस, जो बोटीनं मुंबईला आला आणि ज्यानं जन्मात घाट चढला नाही, तोही इथे घाटीच ठरला. बिचाऱ्याच्या गावी हे कळलं असतं तर लोक हसले असते.

तर या शब्दातला जो ‘घाट’ आहे, त्या घाटातून आज आपल्याला चालायचंय. आणि चालताना एकच प्रश्न बरोबर ठेवायचाय. या वाटेवरून ओझं कोणी वाहिलं आणि त्याची नोंद कोणी ठेवली?

आधी थोडा भूगोल, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. आपल्यापैकी जे हिमालयात जाऊन आलेत त्यांना खिंड ओलांडणं म्हणजे काय ते माहीत आहे. एका बाजूनं चढायचं, माथ्यावर पताकांच्या माळा असतात तिथे फोटो काढायचा आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. सह्याद्रीच्या घाटाचं तसं नाही. तुम्ही कोकणातून चढता, घामाघूम होता, माथ्यावर पोचता आणि पाहता तर पलीकडे उतार नाहीच! समोर सपाट मुलूख, शेतं, गुरं. आपला घाट म्हणजे एकाच बाजूचा जिना आहे. वर देश, खाली कोकण. याचं कारण आपल्या पायाखालचा दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या पठाराची पश्चिमेकडची तुटकी कड म्हणजे सह्याद्री. म्हणून तो पुण्याकडून पाहिला तर टेकड्यांसारखा दिसतो आणि मुरबाडकडून पाहिला तर मान वर करावी लागते. थरांमुळेच चढणीला एक लय येते. उभी भिंत, मग पट्टीसारखी सपाटी, पुन्हा भिंत. पायवाटा या पट्ट्या शोधत शोधत वर जातात.

या कडेला जिथे जिथे भेग पडली, पाण्यानं नळी कोरली, तिथे माणसानं वाट काढली. सह्याद्रीत अशा वाटा शेकड्यांनी आहेत. कुठे घाट म्हणतात, कुठे नाळ, कुठे दार, कुठे नुसती वाट. पण सगळ्यात जुना लेखी पुरावा ज्या वाटेवर मिळतो, ती नाणेघाटाची.

जायचं कसं? गिरगावातून निघालात तर चर्नी रोडहून दादर, दादरहून कल्याण. कल्याणच्या एसटी स्थानकातून माळशेजकडे जाणारी कुठलीही गाडी धरायची. मुरबाड जातं, टोकावडं जातं आणि माळशेजची चढण सुरू होण्याआधी वैशाखऱ्याजवळ उतरायचं. उजव्या हाताला रानात पायवाट शिरते. सुरुवातीला विरळ झाडी, एकदोन ओढे. समोर डोंगराच्या रांगेत एक मोठा अंगठा वर केलेला दिसतो, त्याला नानाचा अंगठाच म्हणतात. त्याच्या बाजूच्या खाचेत आपल्याला पोचायचंय. पाऊण-एक तासानं रान दाट होतं, वाट अंगावर येते आणि मग पायाखाली दगडी पायऱ्या लागायला लागतात. काही नैसर्गिक, काही बसवलेल्या. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजलेले आहेत. साधारण दोन-तीन तासांची चढण आहे, चालणारा कसा आहे त्यावर.

आणि मग अगदी माथ्याच्या तोंडाशी लेणं लागतं. मूर्ती पाहायला कोणी गेला तर निराश होईल. एक चौकोनी खोली, कडेनं बसायचे कट्टे आणि तीन भिंती. मागच्या भिंतीवर एके काळी माणसांचे पुतळे कोरलेले होते. आज पावलांच्या खुणा उरल्यात. पण त्यांच्या डोक्यावर नावं होती, ती वाचता येतात. सिमुक सातवाहन. मग राणी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो, आणि राजा सातकर्णी. मग कुमार भायल, एक महारठी, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. म्हणजे हा एका घराण्याचा, दगडातला, कुटुंबाचा फोटो आहे. आणि तो लावलाय कुठे? राजवाड्यात नाही, देवळात नाही. जिथून प्रत्येक वाटसरूला जावंच लागणार, त्या नाक्यावर! आजच्या भाषेत सांगायचं तर टोलनाक्यावरचं होर्डिंग.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृतमध्ये लांबलचक लेख आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा, काही अभ्यासक थोडा आधीचा मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिक्पालांना नमन आहे. मग राणीचं वर्णन येतं. ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. आणि मग यज्ञांची यादी. अश्वमेध दोनदा, राजसूय, आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाबरोबर दक्षिणा किती दिली त्याचा हिशेब. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती. कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे. कुठे २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. लेख बराच फुटलाय, मधले तुकडे गेलेत, पण आकडे मात्र टिकले. हे मला नेहमी बोलकं वाटतं.

या आकड्यांची गोष्ट थेट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे, म्हणून तिथे जरा थांबू. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हे लेणं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्वानांच्या नजरेस आणलं. पण ते नीट वाचण्याचं मोठं श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांचं. हे मूळचे जुनागढचे. गिरनारचे शिलालेख बघत वाढलेला मुलगा. इंग्रजी शाळेचं शिक्षण बेताचं. त्यांना डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईला बोलावून घेतलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच भाऊ दाजी. भगवानलाल पुढे वाळकेश्वरला राहिले. ते देशभर हिंडून लेखांचे ठसे घेऊन यायचे. १८७६ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा नाणेघाटावरचा लेख आला. विषय कुठला? राजे नव्हेत, यज्ञ नव्हेत. अंक! त्या काळी एक, दोन, चार, सहा कसे लिहायचे, दहा, शंभर, हजार यांना कशी स्वतंत्र चिन्हं होती, हे त्यांनी गाई-घोड्यांच्या त्या हिशेबातून सोडवलं. तेव्हा शून्य लावून दशक करण्याची रीत नव्हती, म्हणून दहाचं चिन्ह वेगळं आणि शंभराचं वेगळं. पुढे लायडन विद्यापीठानं याच माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

आणखी एक. १८८२ साली याच भगवानलालांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. त्यातून बाहेर आलेला करंडक, सोन्याची फुलं, बुद्धमूर्ती हे सगळं फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आलं. सोपारा म्हणजे नाणेघाटाच्या वाटेचं खालचं, समुद्राकडचं टोक. एकाच माणसानं वाटेचं वरचं टोक वाचलं आणि खालचं टोक उकरलं. मुंबईत बसून केलेलं याहून मोठं संशोधन मला चटकन आठवत नाही, आणि गिरगावात त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे हे विचारायचं धाडस मी करत नाही.

ही वाट कशासाठी होती? वर जुन्नर, पुढे पैठण, त्याही पुढे तगर म्हणजे आजचं तेर. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं प्रवासपुस्तक आहे, त्यात या गावांचा उल्लेख येतो. पैठणहून मौल्यवान दगड, तगरहून जाडंभरडं कापड आणि तलमसुद्धा. तो म्हणतो की कल्याण बंदर एके काळी राजरोस चालू होतं, पण त्याच्या काळी तिथला व्यापार अडवलेला होता. तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत असत. म्हणजे बंदर कोणाचं आणि घाट कोणाचा यावर तेव्हाही भांडणं होती. सातवाहन आणि क्षत्रप या दोघांनाही हा जिना हवा होता.

आता तो प्रसिद्ध रांजण. लेण्याच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या तोंडाशी, दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. परंपरा सांगते की येणारा-जाणारा व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचा, म्हणून नाणेघाट. लेखाच्या उरलेल्या मजकुरात जकातीबद्दल शब्द नाही. तरीही मला स्वतःला ही परंपरा उडवून लावाविशी वाटत नाही. अरुंद खिंड, पलीकडे पहारा द्यायला जीवधनसारखा किल्ला, आत बसायला कट्टे असलेली खोली. कर गोळा करायला याहून चांगली जागा सह्याद्रीत शोधून सापडायची नाही. यज्ञात वाटलेले ते हजारो कार्षापण कुठून तरी आलेच असणार ना! ते बैलाच्या पाठीवरून आणि माणसाच्या डोक्यावरून आले. त्या बैलांचा आणि त्या माणसांचा आकडा मात्र भिंतीवर नाही.

पण थांबा. नोंद अगदीच नाही असं नाही, फक्त ती भिंतीवर शोधायची नाही. ती पाण्याजवळ शोधायची.

नाणेघाटाच्या परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. प्राकृतात त्यांना ‘पोढी’ म्हणत. त्यांच्यावरही छोटे लेख मिळाले. एक आहे सोपाऱ्याच्या गोविंददासाचा. हा राजा नाही, कुमार नाही. खालच्या बंदरातला माणूस, त्यानं वर घाटात टाकं दिलं. दुसरा कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाचा, एका सातकर्णीच्या राज्याच्या तेराव्या वर्षीचा. वर जुन्नरला जा, शिवनेरीच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसानं, दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे. हे लेख एका ओळीचे असतात. कोणी दिलं आणि काय दिलं, बस्स. पण मला राणीच्या लेखापेक्षा हे लेख जास्त आवडतात. तीन तास पाठीवर गोणी घेऊन चढलेल्या माणसाला अकरा हजार गाईंचं काय करायचंय? त्याला पाणी हवंय. आणि ते हवंय हे ज्याला कळलं, तो बहुधा स्वतः कधीतरी तो घाट चढला असणार.

ही रीत मुंबईत संपली असं समजू नका. मशीद बंदरजवळ केशवजी नाईकांची पाणपोई आहे, १८७६ सालची, दगडी, वर घड्याळ असलेली. बरोबर त्याच वर्षीची, ज्या वर्षी भगवानलालांचा अंकांवरचा लेख छापून आला. भोवती धान्याचे, मसाल्याचे बाजार, आणि त्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे हमाल. ते आले होते घाटावरूनच. वर कोणी पोढी खोदली, इथे कोणी पाणपोई बांधली. व्यापाऱ्याला पुण्य हवं होतं आणि हमालाला पाणी, दोघांचं भागलं.

सातवाहन गेले, वाट राहिली. पुढची दीड हजारावर वर्षं एका दमात सांगतो. यादव, बहामनी, निजामशाही, मराठे. सत्ता बदलत गेल्या आणि घाट त्याच कामाला. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून खालून मीठ वर न्यायचे आणि वरून धान्य खाली आणायचे. मीठ ही गोष्ट आपण हलकी समजतो, पण देशावर मीठ पिकत नाही. कोकणच्या मिठागरातलं मीठ घाट चढल्याशिवाय जुन्नरच्या भाकरीला चव नव्हती.

हे सगळं मोडलं ते बोरघाटानं. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या काळात खंडाळ्याच्या घाटातून गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. बैलाच्या पाठीवर जे जात होतं, ते चाकावर जायला लागलं. मग रेल्वे. १८५६ साली बोरघाटात काम सुरू झालं, १८६३ साली गाडी घाट चढली. पंधरा मैलांहून लांब चढण, १,८३१ फूट उंची, २५ बोगदे. आणि एक मजेदार व्यवस्था, म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी एका कड्याच्या टोकापर्यंत जायची, तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेनं पुढे चढायचं. १९२९ पर्यंत हे चालू होतं.

हे काम केलं कोणी? इतिहासात इंजिनिअर जेम्स बर्कलीचं नाव आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच वारला, तेव्हा त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट हातात घेऊन पुरं केलं, ही गोष्टही हल्ली सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी सुमारे ४२,००० मजूर राबत होते. कड्यावरून दोरानं खाली सोडलेली माणसं सुरुंगाची भोकं पाडत होती. पटकी आली, माणसं पटापट गेली. त्याआधी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून दंगाही झाला. मजुरांची नावं? घाटात एकच नाव राहिलं, तेही लोकांनी राखलं म्हणून. शिंग्रोबा. लोककथा अशी की साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा धनगरानं आपल्या मेंढरांची वाट त्याला दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आम्हाला आमचं स्वातंत्र्य द्या. आणि साहेबानं त्याला गोळी घातली. कागदोपत्री याला आधार शोधायला जाऊ नये. पण जुन्या पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे आणि ट्रक ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. घाटात नाणं टाकायची सवय बघा कशी टिकली. फक्त राजाऐवजी आता ते वाट दाखवणाऱ्याला मिळतं.

रेल्वे आली आणि नाणेघाट ओस पडला. मालाची वाट गेली, पण माणसं खाली यायची थांबली नाहीत, उलट वाढली. १८५० च्या दशकात ताडदेवला कावसजी दावरांची पहिली गिरणी निघाली, मग परळ, लालबाग, लोअर परळ, नायगाव, सगळीकडे भोंगे वाजायला लागले. कोकणातून रत्नागिरीकर बोटीनं आले. घाटावरून सातारा, पुणे, नगरकडचे आले. ज्यांना गाडीभाडं परवडत नव्हतं ते ओळखीच्या वाटेनं उतरून आले. पाटण-कराडकडच्या माणसाला कुंभार्ली घाट उतरून चिपळूण जवळ होतं आणि तिथून खाडीतून बोट. इथे एकाच गावच्या माणसांनी एक खोली घ्यायची, पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं. खोलीला गावाचं नाव. गावात घाटाखाली कोकण होतं, इथे जिन्याखाली लालबाग होतं.

आणि त्यांनी इथे येऊन काय केलं? बहुतेकांनी तेच, जे घाट शेकडो वर्षं करत आला होता. माल एकीकडून दुसरीकडे नेला.

डबेवाले घ्या. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. ही मंडळी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची. जुन्नर! म्हणजे थेट नाणेघाटाच्या वरच्या अंगाची. आजही डबेवाला डब्यांची ती लांब लाकडी पाटी डोक्यावर घेऊन दादरच्या जिन्यावरून उतरताना पाहा. त्याचे गुडघे कसे वाकतात, मान कशी सरळ राहते. ही चाल मैदानी माणसाची नाही. मी याचा शास्त्रीय पुरावा देऊ शकणार नाही, पण डोंगरात फिरलेला कोणीही मला दुजोरा देईल.

दुसरे माथाडी. शब्दच बघा, माथ्यावर वाहणारा तो माथाडी. गोदी, मशीद बंदर, दाणा बाजार. वजन किती, खेप किती, मजुरी किती, सगळं मुकादमाच्या तोंडी. आजारी पडला तर काम नाही, म्हातारा झाला तर गाव. या लोकांना पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. देशात अशा तऱ्हेच्या कामगारांसाठी झालेल्या कायद्यांमध्ये तो फार आधीचा. तो चालतो कसा, हे थोडं सांगतो, कारण माझ्या आजच्या विषयाचा खरा गाभा तिथे आहे.

कामगार, मालक आणि सरकार यांचं मिळून एक मंडळ असतं. हमालाची तिथे नोंद होते, नाव-गाव लागतं. माल उचलला की व्यापाऱ्यानं मजुरी हमालाच्या हातात टेकवायची नाही, ती मंडळाकडे भरायची. आणि मजुरीवर काही टक्के वरचे भरायचे, त्याला लेव्ही म्हणतात. त्या लेव्हीतून हमालाचा प्रॉव्हिडंट फंड, बोनस, औषधपाणी, रजा. आता नाणेघाटाचा रांजण डोळ्यांपुढे आणा. परंपरेनुसार तिथे माल वाहून नेताना नाणं पडायचं ते राजाच्या तिजोरीत. लेव्हीसुद्धा माल हलला की पडणारं नाणंच आहे. पण ते पडतं वाहणाऱ्याच्या नावावर. दोन हजार वर्षांत रांजण फिरला तो एवढाच.

या मंडळांचं सगळं गोड चाललंय असं मी म्हणत नाही. बाजार वाशीला गेला, कंटेनर आले, क्रेन आल्या, नोंदणी टाळण्याच्या युक्त्या निघाल्या, माथाडीच्या नावावर खंडणी मागणारे टोळभैरवही निघाले. १९८२ च्या संपानं गिरण्याही गेल्या आणि लालबागमध्ये आता घाटापेक्षा उंच टॉवर आहेत. पण नोंदवहीत नाव आलं, ते आलं.

आता शेवटचा टप्पा, आपला. घाट ही हौसेची गोष्ट कधी झाली? मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ स्थापन झाली, मग हळूहळू संस्था निघत गेल्या. दादर-गिरगाव-परळची पोरं शनिवारी रात्री शेवटची कर्जत किंवा कसारा गाठायची. पायात हंटर शूज, पाठीला हॅवरसॅक, त्यात कांदे-बटाटे आणि तांदूळ. बँकेतला कारकून, शाळामास्तर, गिरणीतला जॉबरचा मुलगा, सगळे. गंमत बघा, बाप ज्या घाटातून पोटासाठी उतरला, तोच घाट पोरगा सुट्टीच्या दिवशी मजेसाठी चढला. आणि बापानं विचारलं असणार, अरे, वर आहे काय तिथे?

हल्ली पावसाळ्यात नाणेघाटात गर्दी होते ती उलट्या धबधब्यासाठी. कड्यावरून खाली पडणारं पाणी खालून येणारा वारा पुन्हा वर उडवतो, दृश्य खरोखर बघण्यासारखं असतं. बहुतेक जण जुन्नरकडून गाडीनं थेट माथ्यावर येतात, भिजतात, मक्याचं कणीस खातात आणि परत जातात. लेण्यात डोकावतात ते पाऊस जोरात आला तर. त्याला माझी हरकत नाही, लेण्याचा तो उपयोगही जुनाच आहे. फक्त एक सांगतो, वरून आलात तर तुम्हाला घाट दिसत नाही, नुसता देखावा दिसतो. घाट पायथ्यापासूनच दिसतो.

[श्रोत्यांमधून प्रश्न : जायचं असेल तर कधी जावं, आणि काय बघावं?]

पावसाळा संपता संपता, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे जा. गवत पिवळं व्हायला लागलेलं असतं आणि पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलेलं असतं. भर पावसात नवख्यांना घेऊन खालून चढू नका, ओढे फुगतात. माणशी दोन-तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच घ्या. लेण्यात गेल्यावर भिंतीला हात लावू नका, खडूनं अक्षरं गिरवू नका. हे लोक करतात, म्हणून सांगतो. डाव्या-उजव्या भिंतीवर तिरपं ऊन असेल तर अक्षरं सुटी दिसतात, नाहीतर हातातली बॅटरी बाजूनं धरा. मग बाहेर येऊन टाकी शोधा. घाटघरकडची गुराखी मुलं असली तर ती दाखवतील कुठल्या टाक्यात पाणी आहे ते. परत उतरायचा कंटाळा आला तर घाटघरवरून जुन्नरची गाडी विचारा. आणि पाठीवरची पिशवी हलकी ठेवा हो, तिसऱ्या टप्प्यावर मला आठवाल.